विहिरीवरील पंप पाणी देईनासा झाल्यास

वरूड-मोर्शी भागात उन्हाळ्यात आंबिया बहाराची संत्री झाडावर असतात आणि विहिरी खोल जातात. नेमका तेव्हाच पंप फिरतो, परंतु पाणी येत नाही. अशा वेळी पंप खोलण्याची घाई करू नये. प्रथम दोरी सोडून पंपापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. काठावरील पंपाकडे पाणी हवेच्या दाबाने चढते. हा दाब तत्त्वतः सुमारे १० मीटर, परंतु व्यवहारात ६ ते ७ मीटरच पाणी चढवितो. अंतर याहून अधिक असल्यास दोष पंपाचा नव्हे. पंप खाली बसवावा.

अंतर कमी असल्यास पंप बंद करून त्यात पाणी भरावे. ते टिकत नसेल, तर फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे किंवा नळ गळत आहे, असे समजावे. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात लोखंडी नळ लवकर गंजतात. तेथे नळ बारकाईने तपासावा. पाणी टिकूनही धार येत नसेल, तर तळाची जाळी तुंबली आहे काय, ग्लँडमधून हवा शिरते काय, आणि विजेच्या तारा नव्याने जोडल्या असल्यास मोटर उलटी फिरते काय, हे पाहावे.

पंप कोरडा चालवू नये. वीज तोडल्याशिवाय आणि काठावर सोबती असल्याशिवाय विहिरीत उतरू नये. ग्रामसेवकांनी ही तपासणी शेतकरी बंधूंस प्रत्यक्ष करून दाखवावी.