संगणकातील पेटी : पहिला धडा

पेटी वाजविणारा मनुष्य प्रत्येक मंडळीत असतोच असे नाही. गौलीगुड्यासारख्या भागात मराठी घरे तेलुगू व उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये विखुरलेली. तेथे आपल्या गीतांच्या चाली जाणणारा वादक मिळणे अधिकच कठीण. अशा वेळी संगणकातील वाद्यांचे साहाय्य घ्यावे काय, याचा आपण विचार करू.

प्रथम हे साधन समजून घेऊ. पेटीत भात्याची हवा पितळी रीडला कंप देते व सूर निघतो. मिडी कीबोर्डातून मात्र सूर निघतच नाही. कोणती पट्टी दाबली व किती जोराने, एवढाच निरोप तो संगणकाला देतो. या निरोपाच्या भाषेला मिडी म्हणतात. ती १९८३ साली प्रचारात आली. निरोप पोहोचताच संगणकातील वाद्य तो सूर उमटविते.

आरंभाला संगणक, ४९ पट्ट्यांचा कीबोर्ड, तार व स्पीकर पुरे. ‘एलएमएमएस’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यावर हात बसल्यावरच कोठीच्या गुजराती गल्लीत खरेदीला जावे.

१. एकच वाद्य निवडा. १९९१ साली ठरलेल्या १२८ वाद्यांच्या यादीत सतार १०५ वी व सनई ११२ वी आहे. पण पेटी नाही, तबलाही नाही. पेटीला जवळचा २१ वा रीड ऑर्गन. तबल्याचे ध्वनी वेगळे मिळवावे लागतात.

२. विलंब कमी करा. संगणक सेकंदाला ४४,१०० नमुने वाजवीत असता एका वेळी १,०२४ नमुने साठवील, तर तेवढ्यानेच सूर सुमारे २३ मिलिसेकंद मागे पडतो व हात अडखळतो. २५६ ठेवल्यास तो विलंब ६ च्या आत येतो. आवाज तुटू लागला तर आकडा थोडा वाढवा.

३. पट्टी ठरवा. काळी एकमध्ये मुलांना वरचे सूर झेपत नसतील, तर ‘ट्रान्सपोज’ उणे एक करा. बोटे तीच राहतात, गीत पांढरी एकमध्ये येते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तयार ध्वनिमुद्रण कोणासाठी थांबत नाही. एखादी आजी ओळीच्या शेवटी सूर लांबविते, तेव्हा वादक थांबतो. यंत्र पुढे जाते. अशाने मंडळी हळूहळू गाणे सोडते व श्रोता बनते. म्हणून आरंभी वाद्य हातानेच वाजवा. दुसऱ्या कडव्याला वाद्य बंद करून पाहा. गाणे चालू राहिले, तर साथ योग्य आहे असे समजावे.

शब्बाथ शाळेत चर्चेसाठी
१. पेटी व मिडी कीबोर्ड यांत मूळ फरक कोणता?
२. आपल्या वर्गातील मुलांना कोणती पट्टी सोयीची आहे? गाऊन ठरवा.
३. आपल्या उपासनेत कोण कोणाच्या मागे जाते : वाद्य मंडळीच्या, की मंडळी वाद्याच्या?