मुकुट परत करणारा तोतया

मराठीत ‘तोतया’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभा राहतो तो भाऊसाहेबांचा तोतया. 1761 साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात शंका उरली, आणि त्या शंकेचा आधार घेऊन भाऊंचे नाव सांगणारा एक माणूस पुढे आला. 1776 मध्ये त्याने कोकणात मोठे बंड उभारले, किल्ले घेतले आणि त्याच वर्षी पकडला जाऊन पुण्यात देहान्ताची शिक्षा भोगली. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाने ही हकीकत रंगभूमीवर आणली. तोतया म्हणजे लबाड, दुसऱ्याच्या नावावर डल्ला मारणारा, हे समीकरण आपल्या मनात असे पक्के बसलेले आहे.

हॉलिवूडचे जुने चित्रपट पाहताना मला मात्र निराळाच तोतया भेटला. तो दुसऱ्याचे नाव घेतो, दुसऱ्याचे कपडे चढवतो, दुसऱ्याच्या वाग्दत्त वधूशी प्रेमाच्या गोष्टी करतो. आणि तरीही प्रेक्षकांचा नायक ठरतो. हे कसे घडते? ओळख चोरणाऱ्या माणसावर आपण प्रेम का करतो? या प्रश्नाचा माझ्या परीने शोध घेण्याचा प्रयत्न मी येथे करणार आहे.

झेंडा किल्ल्यातला कैदी

या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध चित्रपट म्हणजे 1937 सालचा ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’. (झेंडा हे एका किल्ल्याचे व गावाचे नाव आहे, आपल्या निशाणाशी त्याचा काही संबंध नाही!) अँथनी होप या इंग्रज लेखकाच्या 1894 सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. निर्माता डेव्हिड सेल्झनिक, दिग्दर्शक जॉन क्रॉमवेल. रोनाल्ड कोलमन हा नट यात दोन भूमिका करतो: रुरिटानिया या काल्पनिक देशाचा राजा आणि सुट्टीसाठी तेथे आलेला त्याचा दूरचा इंग्रज नातलग रासेंडिल.

कथा थोडक्यात अशी. राज्याभिषेकाच्या आदल्या रात्री राजाला गुंगीचे औषध घातलेली दारू पाजली जाते. हे कारस्थान त्याचा सावत्र भाऊ मायकेल याचे. सकाळी राजा शुद्धीवर येत नाही आणि मुहूर्त टळला तर गादी मायकेलच्या हाती जाणार. तेव्हा म्हातारा कर्नल झाप्ट, राजासारख्याच दिसणाऱ्या रासेंडिलला एका दिवसापुरता राजा होण्याची गळ घालतो. अभिषेक पार पडतो. परंतु दरम्यान खऱ्या राजाला पळवून झेंडा किल्ल्यात कोंडले जाते. एका दिवसाचे सोंग लांबत जाते. त्यातच राजकन्या फ्लाविया, जिचे मन खऱ्या राजावर कधीच बसले नव्हते, ती या ‘बदललेल्या’ राजावर जीव लावते.

चित्रपटातला नृत्याचा प्रसंग मला फार मार्मिक वाटतो. राजा नाचत असेल तर सर्वांनी नाचायचे; तो थांबला की सर्वांनी थांबायचे, वाद्यवृंदानेही. रासेंडिल फ्लावियाशी दोन शब्द बोलण्यासाठी थांबतो आणि सगळी सभा जागच्या जागी खिळून उभी राहते. प्रेक्षक हसतो, पण त्या हसण्यात एक सत्य दडलेले आहे. लोक थांबतात ते या माणसासाठी नव्हे, तर त्याने पांघरलेल्या नावासाठी. आणि त्याच क्षणी फ्लाविया पाहत असते ती मात्र नावाकडे नव्हे, त्या माणसाकडे.

दोन कोलमन एकाच दृश्यात दाखवण्याचे काम छायालेखक जेम्स वाँग हाऊ यांचे. आज यंत्राच्या साहाय्याने असे काहीही करता येते. त्या काळी मात्र कॅमेऱ्यापुढचा अर्धा भाग झाकून चित्रण करायचे, फिल्म मागे फिरवायची आणि मग उरलेला अर्धा भाग चित्रित करायचा, अशा युक्त्या योजाव्या लागत. तथापि खरे कौशल्य नटाचे आहे. चेहरा एकच, पण एकाच्या चालण्याबोलण्यात आळस आणि दुसऱ्याच्यात सावधपणा. ओळख चेहऱ्यात नसते, वागण्यात असते, हा चित्रपटाचा विचार कोलमन शब्दांवाचून सांगतो.

रूपर्ट आणि रासेंडिल

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याचा शेवट मला मुळीच पटला नव्हता. रासेंडिल खऱ्या राजाची सुटका करतो, मुकुट परत देतो आणि घोड्यावर बसून देशाची सीमा ओलांडतो. फ्लाविया त्याच्याबरोबर जात नाही. मला वाटले, हा कसला न्याय? राजा दुबळा, व्यसनी. हा शूर आणि समंजस. प्रजेचे हित कशात होते? निरोप देताना रासेंडिलचा एक साथीदारही, नशीब योग्य माणसालाच राजा करते असे नाही, या अर्थाचे बोलून जातो.

पुन्हा पाहताना मात्र माझे लक्ष रूपर्टकडे गेले. डग्लस फेअरबँक्स धाकटे यांनी हा खलपुरुष असा रंगवला आहे की, त्याच्यावर रागावणेच कठीण. तो देखणा, हजरजबाबी, निर्भय आणि तलवारीत तरबेज. आता विचार करा: हे सगळे गुण रासेंडिलमध्येही आहेतच! मग दोघांत फरक तो कोणता? होपच्या कादंबरीत रूपर्ट रासेंडिलला एक सौदा सुचवतो: मायकेलही मरू दे, राजाही मरू दे, मग उरू आपण दोघे. रासेंडिलने केवळ होकार द्यायचा होता. राज्य मिळत होते, फ्लावियाही मिळत होती. पण ज्या क्षणी तो ‘हो’ म्हणाला असता, त्या क्षणी तो दुसरा रूपर्ट झाला असता. माझ्या मते कथेचे मर्म येथे आहे. तोतया नायक आहे की खलनायक, हे सोंग किती हुबेहूब वठले यावर ठरत नाही. घेतलेले परत करतो की नाही, यावर ठरते.

फ्लावियाचाही येथे विचार केला पाहिजे. तिची तर फसवणूकच झालेली असते. परंतु शेवटी तिला सत्य सांगितले जाते आणि निर्णय तिचा असतो. ती कर्तव्यासाठी मागे राहते. 1936 च्या डिसेंबरात इंग्लंडच्या आठव्या एडवर्डने प्रेमासाठी गादी सोडली होती आणि 1937 च्या मे महिन्यात त्याच्या भावाला राज्याभिषेक झाला होता. त्याच वर्षी पडद्यावर आलेल्या फ्लावियाने नेमका उलट निर्णय घेतला. प्रेक्षकांच्या मनात त्या घटना ताज्या असताना हे दृश्य किती बोचले असेल!

रक्ताचा नियम

येथे कोणी म्हणेल की, हा सर्व नीतीचा देखावा आहे. 1934 पासून हॉलिवूडमध्ये चित्रपटांची आचारसंहिता कडकपणे अमलात आली होती. अपराध्याला अपराधाचा लाभ झालेला दाखवणे तिला मान्य नव्हते. मग तोतयाने गादी बळकावलेली कशी चालणार? आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. होपने हाच शेवट चाळीस वर्षे आधी लिहून ठेवला होता.

मला अधिक खटकते ते दुसरेच. 1939 साली जेम्स व्हेल यांनी ‘द मॅन इन द आयर्न मास्क’ काढला. त्यात चौदाव्या लुईचा जुळा भाऊ फिलिप राजाची जागा घेतो आणि अखेरपर्यंत राजाच राहतो. ड्यूमाच्या कादंबरीत हा डाव फसतो आणि फिलिपला मुखवटा चढवून पुन्हा कोंडले जाते. चित्रपटाने मात्र त्याला यश दिले. का? कारण त्याच्या अंगात राजाचेच रक्त आहे. उलट मार्क ट्वेनच्या कादंबरीवरील ‘द प्रिन्स अँड द पॉपर’ (1937) या चित्रपटात टॉम कँटी हा गरीब मुलगा राजपुत्राच्या जागी जातो, पण त्याला परत फिरावे लागते. राज्याची महामुद्रा तो अक्रोड फोडायला वापरतो! ती मुद्रा कोठे ठेवली होती हे आठवते ते खऱ्या राजपुत्राला, आणि त्यावरून त्याची ओळख पटते. थोडक्यात, रक्त असेल तर ठेवा, नसेल तर परत करा. लोकशाही देशातल्या चित्रपटांनी जन्माचे श्रेष्ठत्व असे निमूटपणे मान्य करावे, ही त्यांची मर्यादाच म्हटली पाहिजे.

या नियमाबाहेर जाणारा एक तोतया आहे आणि तो रोनाल्ड कोलमननेच उभा केला आहे. 1935 च्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मध्ये सिडनी कार्टन दुसऱ्याचे नाव घेतो ते राज्यासाठी नव्हे, तर त्याच्या जागी वधस्तंभावर जाण्यासाठी. येथे परत करण्यासारखे काही उरतच नाही. तो स्वतःलाच देऊन टाकतो.

विश्वास ठेवणारे मन

शेवटी ‘अनास्तासिया’ (1956) या चित्रपटाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. रशियाच्या झारची कन्या म्हणून एका अनाथ स्त्रीला उभे करण्याचा डाव एक माजी सेनानी रचतो. इनग्रिड बर्गमन यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. ही स्त्री खरी की खोटी, हे तिचे तिलाही ठाऊक नाही. वृद्ध राजमाता तिला जवळ घेते तो प्रसंग पाहताना लक्षात येते की, तोतयाला केवळ सोंग पुरत नाही. विश्वास ठेवायला आसुसलेले एक मन समोर असावे लागते. आणि येथेही, मान्यता हाती आली असताना ती स्त्री सोडून निघून जाते.

प्रत्यक्षात तसे घडले नाही. स्वतःला अनास्तासिया म्हणवणारी ॲना अँडरसन 1984 साली वारली. तिने आपला दावा कधीच सोडला नाही. 1994 मधील डीएनए तपासणीने तो खोटा ठरवला. राजमातेने तिची कधी भेटही घेतली नव्हती.

हे वाचताना मला पुन्हा पुण्याची आठवण झाली. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पती गेल्याचे कधी मानले नाही, असे सांगतात. तोतयाचे बंड उठले तेव्हा त्या बाईंच्या मनात काय चालले असेल? इतिहासाने तोतयाला शिक्षा दिली, ती योग्यच होती. पण नाव चोरले गेले ते भाऊंचे, आणि आशा चोरली गेली ती पार्वतीबाईंची. नाव परत मिळवता येते. आशेची भरपाई कोण करणार?

म्हणूनच रासेंडिल मला नायक वाटतो. त्याने राजाला मुकुट परत दिला, ते त्याचे कर्तव्य होते. पण त्याने फ्लावियालाही सत्य परत दिले, आणि त्यासाठी तिच्या प्रेमावर पाणी सोडले. आपल्या नाटकांत आणि कथांत तोतये पुष्कळ होऊन गेले. एखादा तरी असा परत करणारा तोतया आपल्या लेखकांनी रंगवावा, असे मनापासून वाटते.