रंजक कोणती घालावी?

प्रश्न : माझ्या आजोळी, कोकणात, शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिला तांब्याची टोपी लावली की काम व्हायचे. अमेरिकेतला माझा भाचा चकमकीच्या बंदुकीने नेमबाजी करतो. तो नळीत एक दारू भरतो आणि बाहेरच्या वाटीत दुसऱ्या, लहानशा शिंगातून वेगळीच बारीक दारू घालतो. एकच दारू दोन्हीकडे चालत नाही का?

उत्तर : चालते. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश शिपायाकडे ‘ब्राउन बेस’ बंदूक असे आणि दारू एकच. कागदी काडतूस दाताने फाडायचे, चिमूटभर दारू वाटीत सांडून झाकण लावायचे, उरलेली गोळीसकट नळीत ठासायची. घाईगर्दीत दोन शिंगे सांभाळत बसायला वेळ कोणाला होता? महादजी शिंद्यांच्या चाकरीतल्या द बॉयनच्या कंपूंकडेही आग्र्यात घडवलेल्या अशाच चकमकीच्या बंदुका होत्या.

पण शिपायाला एकाच वेळी सगळ्यांबरोबर बार काढायचा असतो, भाच्याला लक्ष्याचा मध्य गाठायचा असतो. चाप ओढल्यावर घोड्याच्या जबड्यातली गार पोलादी पट्टीवर घासते आणि पोलादाचे तापलेले कण वाटीत पडतात. ठिणगी गारेची नसते, पोलादाची असते. एवढ्याशा कणाने पेट घ्यायचा तर रंजक, म्हणजे वाटीतली दारू, बारीकच बरी. तोड्याच्या बंदुकीत जळती वातच दारूला टेकते, त्यामुळे तिथे इतके नखरे नाहीत.

अमेरिकेत दारूचा दाणा ‘एफ’वर मोजतात, एफ जितके जास्त, तितका दाणा बारीक. मोठ्या नळीच्या मस्केटला दोन एफ, रायफलला बहुधा तीन आणि रंजकेला चार एफ. चार एफचा दाणा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. भाच्याच्या लहान शिंगात बहुतेक हीच असणार. नळीत मात्र ती भरायची नाही. इतकी बारीक दारू फार झपाट्याने जळते आणि नळीतला दाब वाढवते. तीन एफ वाटीत टाकली तर बार थोडा उशिरा होतो, पण तो उशीर हजारांश सेकंदांत मोजावा लागतो. माझ्या मते नवख्याने तीन एफवरच हात बसवावा. एकच शिंग, गोंधळ कमी.

दमट दिवशी तर बारीक दारूचा तोरा फार टिकत नाही. ती ओल लवकर धरते, आणि आधीच्या बारांची काजळी हवेतले पाणी ओढून वाटीत काळा चिखल करते. त्या चिखलावर कितीही महागडी रंजक भुरभुरा, बार फुसकाच जाणार. फडक्याने वाटी कोरडी पुसावी, नळीच्या कानात, म्हणजे वाटीतून नळीत जाणाऱ्या भोकात, तार फिरवावी आणि रंजक ताजी घालावी. पाऊस असेल तर चापाच्या यंत्रावर चामड्याचे झाकण बांधतात.

वाटी काठोकाठ भरू नये, एकतृतीयांश पुरे. कान रंजकेने बुजला तर जाळ आत उडी मारण्याऐवजी वातीसारखा सरकत जातो, म्हणून जुने लोक ती कानापासून दूर लोटायला सांगत. अलीकडे इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी वेळ मोजणाऱ्यांना मात्र कानाजवळची रंजकच लवकर बार काढते असे आढळले. दोन्ही करून पाहायला काय हरकत आहे?

काळ्या दारूऐवजी ‘पायरोडेक्स’सारखे जे पर्याय दुकानात मिळतात, ते रंजकेच्या कामाचे नाहीत, त्यांना पेटायला जास्त उष्णता लागते, ठिणगीला ते दाद देत नाहीत. आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू तर वाटीत नाही की नळीत नाही, या बंदुकीच्या जवळही आणू नये.

शिपाई रंजक आधी घालायचा आणि नळी नंतर भरायचा. भाच्याने त्याची नक्कल करू नये. रंजक सगळ्यात शेवटी, नेम धरायच्या जागी उभे राहून, नळीचे तोंड लक्ष्याकडे ठेवूनच घालायची. आणि बार वारंवार चुकत असेल तर नवी दारू विकत घेण्याआधी गारेची धार पाहावी. बोथट गारेपुढे कुठल्याच रंजकेचे काही चालत नाही.