सोयाबीनच्या कॅप्सूलने ब्लॉकेज विरघळत नाही

वाशीम जिल्ह्यात सोयाबीनवर कुणाला शिकवायला जाऊ नये. पिवळा मोझॅक कसा ओळखायचा, सोंगणीच्या तोंडावर पाऊस झाला तर उभ्या शेंगांचं काय होतं, हे माझ्यासमोर बसलेला पेशंट मला सांगू शकतो. पण हल्ली हेच सोयाबीन बाटलीत बंद होऊन माझ्या टेबलावर येतं आणि तिथे मला तोंड उघडावं लागतं. बाटलीवर लिहिलेलं असतं ‘नॅटोकायनेज, 2000 एफयू’ (एफयू हे त्याच्या ताकदीचं माप). आणणाऱ्याचं बोलणंही ठरलेलं: “डाक्टर साहेब, सोयाबीन तं आपल्या घरचंच आहे. याच्यानं रक्त पातळ राह्यते, ब्लॉकेज विरघळते म्हणतात. मंग तुमच्या गोळ्या बंद केल्या तं चालते ना?”

चालत नाही. आणि खरी अडचण अशी की विचारणारे थोडे. बाकीच्यांनी गोळ्या आधीच बंद केलेल्या असतात.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. जपानमध्ये नाश्त्याला ‘नाट्टो’ खातात. उकडलेलं सोयाबीन एका विशिष्ट जिवाणूने आंबवतात, त्याला तार सुटते आणि वासही चांगलाच उग्र येतो. (आपल्याकडे सिक्कीममध्ये किनेमा आणि मणिपुरात हवाईजार हे त्याचेच भाऊबंद.) हिरोयुकी सुमी हे जपानी संशोधक 1980 साली शिकागोत काम करत होते. त्यांनी काचेच्या ताटलीत तयार केलेल्या रक्ताच्या कृत्रिम गुठळीवर नाट्टो ठेवून पाहिला आणि ती गुठळी विरघळली. त्यातलं एन्झाइम वेगळं करून 1987 साली त्यांनी त्याचा अहवाल छापला. तेच हे नॅटोकायनेज. गुठळीला घट्ट धरून ठेवणारे फायब्रिनचे तंतू ते तोडतं. इथपर्यंत सगळं खरं आहे, यात फसवणूक नाही. फसवणूक सुरू होते ती ताटलीत घडलेली गोष्ट तुमच्या हृदयाच्या नसेतही घडेल असं विकणाऱ्याने सांगितल्यावर.

कारण नसेतला ब्लॉकेज म्हणजे रक्ताची गुठळी नव्हे. एका पेशंटने मला त्याचा हिशेब समजावून सांगितला होता: ठिबकच्या नळ्यांत क्षार साचले की आपण ॲसिड सोडतो, नळी मोकळी होते, तसंच हे. हिशेब चोख, फक्त नस ठिबकच्या नळीसारखी नसते. नळीत क्षार आतल्या पोकळीत बसतात. नसेत चरबी साचते ती भिंतीच्या आत, अस्तराखाली. तिच्यात पेशी आणि तंतू गुंततात, वर्षानुवर्षांनी कॅल्शियम बसतं. वरून वाहणाऱ्या रक्तात तुम्ही काहीही सोडलंत तरी ते ‘विरघळून वाहून’ जात नाही. झटका येतो तो बहुतेक वेळा हे अस्तर फाटून त्यावर काही मिनिटांत गुठळी जमते म्हणून. ती जमू नये यासाठी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, आणि अस्तर फाटू नये म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन. रोजच्या त्या दोन-तीन गोळ्यांमागे एवढं कारण आहे.

मग माणसांवर तपासलंच नाही का? तपासलंय. 2008 साली कोरियात 86 जणांवर आठ आठवडे तपासलं, घेणाऱ्यांचं वरचं बीपी पाचेक अंकांनी उतरलं. वाईट नाही, पण अभ्यास छोटा. पुढे अमेरिकेत 265 निरोगी माणसांवर सुमारे तीन वर्षं मोठी चाचणी झाली. निम्म्यांना रोज 2000 एफयू, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. 2021 साली निकाल आला: मानेच्या रक्तवाहिनीच्या भिंतीची जाडी वाढायची ती दोन्हीकडे सारखीच वाढली, बीपीतही फरक नाही. हा डोस नीट वाचा. बाटलीवर असतो तोच. विकणारे मात्र 2022 सालचा चीनमधला, हजारावर माणसांचा अभ्यास दाखवतात. त्यात डोस होता 10,800 एफयू, बाटलीतल्या कॅप्सूलच्या पाचपटीहून जास्त. झटके किंवा मृत्यू कमी झाले का, हे त्यातही सिद्ध झालेलं नाही.

लोकांना वाटतं डॉक्टर कंपन्यांच्या गोळ्यांची बाजू घेतो. घ्या, हिशेबच मांडू. ॲस्पिरिनची गोळी पैशांत मोजावी इतकी स्वस्त, आणि बीपी-शुगरच्या मूळ गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट. कुरिअरने येणाऱ्या बाटलीचे किती मोजले ते तुम्हीच सांगा. त्याच बाटलीवर बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ असते. आपल्या देशात अन्नपूरक म्हणून विकायचं तर कायद्याने ती छापावी लागते. कंपनी स्वतःच सांगते की हे औषध नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस तेवढा ते सांगत नाही.

रिसोडकडचे एक काका. पन्नाशी ओलांडलेले, अकोल्याला अँजिओप्लास्टी होऊन पाच-सहा महिने झालेले. ‘स्प्रिंग बसली, आता मी मोकळा’ असं त्यांचं मत. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने प्रेमाने ही बाटली पाठवली. छातीत पुन्हा दुखायला लागलं, तेव्हा त्यांनी दोन दिवस सोडा पिऊन गॅस काढला आणि मग आले. औषधांची पिशवी टेबलावर पालथी केली तर क्लोपिडोग्रेलच्या चार पट्ट्या जशाच्या तशा, एकही गोळी फोडलेली नाही. बाटली मात्र तळाला आलेली. काकूंनी तर कॅप्सूल चुकू नये म्हणून झाकणावर पेनाने ‘सकाळ, उपाशी’ असं लिहून ठेवलं होतं. ईसीजी काढला आणि त्यांना आले त्याच गाडीत अकोल्याला रवाना केलं. स्टेंटमध्ये, म्हणजे त्या स्प्रिंगमध्येच, गुठळी धरली होती. वाचले. पण हृदयाचा जो भाग कमजोर झाला तो झालाच.

या घरात औषध घेण्याची शिस्त होती, काळजी होती, खर्च करायची तयारी होती. सगळी चुकीच्या बाटलीला लागली. मला राग येतो तो याचा.

स्टेंट बसल्यावर ॲस्पिरिन आणि दुसरी गोळी साधारण सहा महिने ते वर्षभर जोडीने चालते. त्यातली कुठली कधी थांबवायची हे ज्याने स्टेंट टाकला त्याने ठरवायचं. दात काढायचा असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल, तरी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

याहून धोक्यात आहेत ती हृदयाची झडप बदललेली बाया-माणसं. लहानपणी सांधेतापाने झडप खराब झालेल्या स्त्रिया आपल्याकडे आजही दिसतात. धातूची झडप असेल तर रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमची गोळी आयुष्यभर, आणि रक्त किती पातळ आहे ते पाहायला ठरलेल्या वेळी पीटी-आयएनआरची तपासणी. अमेरिकेतल्या अशाच एका रुग्णाने वॉरफरिन सोडून नॅटोकायनेज धरलं. झडपेवर गुठळी झाली, छाती पुन्हा उघडून झडप बदलावी लागली. 2015 साली ही केस वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आणि मूळ नाट्टो खाल्ला तर उलटा घोटाळा: त्यात व्हिटॅमिन के भरपूर, त्यामुळे वॉरफरिनचा असर उतरतो.

‘मग दोन्ही घेतो, काय बिघडलं?’ हा पुढचा प्रश्न. रक्तस्राव होऊ शकतो, हे बिघडतं. तैवानच्या डॉक्टरांनी 2008 साली एका बाईंची नोंद केली. लकव्यानंतर त्या ॲस्पिरिनवर होत्या. नॅटोकायनेज जोडीला घेतलं आणि आठवडाभरात मेंदूत रक्तस्राव झाला. म्हणून हे कॅप्सूल घेत असाल आणि शौच डांबरासारखं काळं झालं, लघवी लाल आली, हिरड्यांतून किंवा नाकातून येणारं रक्त थांबेना, मार न लागता अंगावर निळे डाग पडले, तर त्याच दिवशी दाखवा. अचानक कधी नव्हे असं डोकं फुटायला लागलं तर दिवसाचीही वाट पाहू नका.

काही जण आणखी पुढचे. घरात पोती पडली आहेत, मग बाटली कशाला, म्हणून सोयाबीन भिजवून डब्यात कोंबून चुलीजवळ ठेवतात. नाट्टोचा जिवाणू हवेतून येईल आणि बाकीचे येणार नाहीत अशी यांची समजूत. आंबतं की सडतं हे डब्याला कळत नाही, तुमच्या पोटाला कळतं. आणि पेरणीतून उरलेलं बियाणं तर चुकूनही हंड्यात जाऊ देऊ नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, धुतल्याने ते जात नाही.

सोयाबीन खाऊच नका असं मी म्हणत नाही. नीट शिजवून, भाजून, पिठात थोडं मिसळून किंवा वडीच्या रूपात खा. प्रथिनं चांगली मिळतात, हृदयालाही ते बाधत नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तेवढं गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचं अंतर ठेवावं. आणि ज्यांनी आजवर कॅप्सूल घेतलं पण रोजच्या गोळ्याही चालू ठेवल्या आणि काही त्रास नाही, त्यांनी घाबरून रात्री फोन करू नये. कॅप्सूल थांबवा, सवडीने येऊन दाखवा.

गुठळी खरोखर विरघळवणारी औषधं असतात. स्ट्रेप्टोकायनेज, टेनेक्टेप्लेज. नाव ऐकून बाटलीची भावंडं वाटतील, पण ती शिरेतून, दवाखान्यात, ईसीजी पाहूनच द्यायची. ती जितक्या लवकर पडतील तितकं हृदय वाचतं. छातीच्या मधोमध दाब, तो जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणं, दरदरून घाम, चार पावलांत दम, असं झालं की ‘गॅस’ हा शब्द घरात काढायचा नाही. शुगरवाल्यांना तर कधी कधी दुखतही नाही, नुसता घाम आणि गळाठा येतो. 108 ला फोन लावा. मोटारसायकलवर मध्ये बसवून आणू नका. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं जड झालं तर तो लकवा. त्यात गुठळीचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि आधी सीटी स्कॅन लागतो. वाशीमहून मोठं गाव गाठायलाच त्यातला वेळ जातो, तेव्हा मांत्रिक, मालीशवाला आणि कबुतराचं रक्त यांत एक मिनिटही घालवू नका. लकव्यात घरी ॲस्पिरिनही देऊ नका; आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय मलाही कळत नाही.

पुढच्या तपासणीला याल तेव्हा घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा. माझी, दुसऱ्या डॉक्टरची, वैद्याची, आठवडी बाजारातली, कुरिअरने आलेली, लपवून ठेवलेलीसुद्धा. मी थोडा ओरडेन, ते ऐकून घ्या. तोवर आजची गोळी आज घ्या.