भंगारातून येणारा किरणोत्सर्ग : शासनाची तयारी आणि आपली

किरणोत्सर्ग म्हटले की आपल्याला अणुबॉम्ब आठवतो. पण हा धोका भंगाराच्या हातगाडीवरूनही वस्तीत येऊ शकतो. घातपाती साध्या स्फोटकात किरणोत्सारी पदार्थ मिसळूनही तो पसरवू शकतात. दोन्ही वेळी बचावाचे उपाय जवळजवळ सारखेच आहेत.

२०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात हे घडले. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रात कोबाल्ट-६० होते. यंत्र तोडले गेले. एका कामगाराचा मृत्यू झाला, इतर काहीजण आजारी पडले. अणुऊर्जा नियामक मंडळाचे तज्ज्ञ आले ते नंतर. पहिला मार भंगार उचलणाऱ्या हातांनाच बसला.

जळगाव-धुळ्यातही भंगारावर पोट भरणारी घरे आहेत. म्हणून हे लक्षात ठेवू या :

१. पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचे काळे चिन्ह किंवा शिशाचे जड, बंद भांडे दिसले तर हात लावू नका, फोडू नका. दूर व्हा, ११२ वर कळवा.

२. अंगावर धूळ उडाली असेल तर वरचे कपडे काढून पिशवीत बांधा व माणसांपासून लांब ठेवा. साबण-पाण्याने अंघोळ करा, अंग घासू नका.

३. स्फोट झाल्यास नाका-तोंडाला फडके बांधून पक्क्या घरात जा, दारे-खिडक्या लावा.

४. उलट्या, विस्तवाशिवाय भाजल्यासारखे डाग, केस गळणे असे झाले तर आपण काय हाताळले ते डॉक्टरांना सांगा.

५. आयोडीनच्या गोळ्या कोबाल्टवर चालत नाहीत.

१९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात भंगारातल्या सीझियममुळे चौघे दगावले. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली, आणि त्या गावच्या माणसांना इतर लोक टाळू लागले. किरणांचा मारा बसलेला माणूस रोग पसरवत नाही. अंगावरची धूळ धुतली की त्याची सेवा करता येते. शिवाशिवीचे दुःख सोसलेल्या आपण तरी त्याच्यावर बहिष्कार घालू नये.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. वस्तीच्या बैठकीत ठराव करून त्यांना विचारू या : जिल्हा आराखड्यात किरणोत्सर्गाची तरतूद आहे काय? शासकीय रुग्णालयात मापक यंत्र व प्रशिक्षित डॉक्टर आहेत काय? भंगार दुकानदारांना ते चिन्ह कुणी दाखवले काय? उत्तर लेखी मागू या.