बाळंतज्वर

1928 साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार बायांच्या बाळंतपणातल्या विश्रांतीची व भत्त्याची बाजू मांडली. 1929 ला कायदा झाला. आपले सोलापूरही त्याच इलाख्यात. पण ज्वर कायद्याने थांबत नाही. हात धुतल्याने तो टळतो, हे व्हिएन्नात सेमेलवाइसने 1847 सालीच दाखवले होते. गिरणगावातल्या चाळीत मात्र नळ साऱ्यांचा मिळून एक, खोली अंधारी! सल्फाची औषधेही 1935 नंतरची.

जेऊरच्या भगिनींनो, बाळंतिणीला थंडी वाजून ताप आला, अंगावरून घाण वासाचे जाऊ लागले, तर दृष्ट काढत बसू नका. आम्ही सांगतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. 108 ला फोन करा. बाळाच्या नाळेला राख, हळद, शेण लावू नका. गरोदरपणी धनुर्वाताची सुई चुकवू नका.