खचलेली गादी आणि टॉपरचा हिशेब

मी व्यवसायाने संगणक अभियंता, डॉक्टर नव्हे. त्यामुळे पाठदुखीवर उपचार सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु एका गादीपायी मी जो दीडशे डॉलरचा धडा शिकलो, तो मंडळातील इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२३ च्या मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले. पाहुण्यांच्या खोलीतील क्वीन गादी नऊ वर्षांची, मधोमध खचलेली. नवी घ्यायची तर सात-आठशे डॉलर. म्हणून मी ३ इंची मेमरी फोमचा टॉपर आणून त्यावर अंथरला. रोज सकाळी बाबांना विचारायचो, "झोप लागली का?" ते म्हणायचे, "उत्तम!" तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे पाहतो, तर बाबा खाली कार्पेटवर चादर घालून झोपलेले. "तू एवढ्या हौसेने आणलंस, म्हणून बोललो नाही रे," ते म्हणाले. सत्तरी ओलांडलेले वडील माझ्याच घरात जमिनीवर झोपत होते आणि मला पत्ता नव्हता!

चूक कोठे झाली? आपल्याकडे कापसाची गादी दबली की पिंजून घेत असत. स्प्रिंगच्या वा फोमच्या गादीला ती सोय नाही. टॉपर खालच्या पृष्ठभागाचाच आकार घेतो. रस्त्यातल्या खड्ड्यावर सतरंजी टाकली तर खड्डा झाकला जातो, बुजत नाही. टॉपर कडक गादीला मऊ करतो. खचलेल्या गादीला सपाट करीत नाही. हे एकच वाक्य लक्षात ठेवले तरी पुरे.

तेव्हा खरेदीपूर्वी पुढील तपासणी करावी:

१) चादर काढून गादीच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत दोरी ताणून धरावी व मधल्या खड्ड्याची खोली पट्टीने मोजावी.

२) गादी उचलून पलंग पाहावा. फळ्या वाकल्या आहेत का? मधला आधाराचा पाय जमिनीला टेकतो का? क्वीन व किंग पलंगांना हा पाय फार महत्त्वाचा.

३) गादी सपाट जमिनीवर ठेवून पुन्हा मोजावे. खड्डा नाहीसा झाला तर दोष पलंगाचा. फळ्या बदलून किंवा प्लायवुड टाकून थोडक्यात काम भागते. खड्डा कायम राहिला तर दोष गादीचा.

४) वॉरंटीचा कागद शोधावा. बऱ्याच कंपन्या एक ते दीड इंचापेक्षा खोल खड्डा असल्यासच दावा मानतात, तोही वजन नसताना मोजलेला. पलंगाला योग्य आधार नसेल किंवा गादीवर डाग असेल तर दावा फेटाळला जाऊ शकतो. आमचा दावा चहाच्या एका डागावर गेला! म्हणून गादी घेतली त्याच दिवशी तिला जलरोधक खोळ घालावी.

माझा ठोकताळा असा: जमिनीवर मोजलेला खड्डा इंचापेक्षा कमी असेल तर घट्ट टॉपर काही काळ निभावून नेईल. त्याहून जास्त असेल तर ते पैसे नव्या गादीसाठी राखून ठेवावेत.

टॉपर घेणारच असाल तर जाडीबरोबर घनताही पाहावी. क्वीन टॉपर ६० बाय ८० इंचांचा. ३ इंच जाडीला सुमारे ८.३ घनफूट भरतो. घनता घनफुटाला ४ पौंड असेल तर वजन ३३ पौंडांच्या आसपास हवे. खोक्यावर २० पौंड लिहिले असेल तर फोम हलका आहे व लवकर दबेल, हे उघड आहे. मेमरी फोम उबेने मऊ होतो व शरीर आत रुतते. वडीलधाऱ्यांना कूस बदलणे, उठणे जड जाते. लॅटेक्स अधिक उसळीचा, पण महाग व वजनदार. रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी तो टाळावा. टॉपरने पलंगाची उंची वाढते, तेव्हा बसल्यावर पाय जमिनीला टेकतात ना, हेही पाहावे.

"पाठीला कडक गादीच चांगली" हा आपल्याकडील समज. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांपैकी काहींना कडक, तर काहींना मध्यम-कडक गाद्या दिल्या होत्या. ९० दिवसांनंतर मध्यम-कडक गाद्यांवरील रुग्णांना अधिक आराम होता. अर्थात दुखणे पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर गादी बदलत न बसता डॉक्टरांना गाठावे.

आमचा खड्डा जमिनीवरही दीड इंच भरला. शेवटी मध्यम-कडक नवी गादी आणली. टॉपर चिरंजीवांच्या कडक पलंगावर गेला आणि तेथे तो छान काम देतो. दीडशे डॉलर अगदीच वाया गेले नाहीत.

आता उन्हाळ्यात अनेकांकडे आई-वडील येतील. त्यांना "झोप लागली का?" असे विचारू नये, ते "हो"च म्हणणार. एक रात्र त्यांच्या गादीवर स्वतः झोपून पाहावे.